तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रिक गाडी कोणती घेऊ?

हा प्रश्न मला लिफ्टमध्ये विचारतात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये विचारतात. परवा तर एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकांनी मठ्ठ्याची वाटी हातात धरून विचारला. कारण एवढंच, की मी पुण्यात धायरीहून शिवाजीनगरला रोज इलेक्ट्रिक स्कूटरवर जातो. मी इंजिनिअर नाही, कुठल्या शोरूमशी माझं देणंघेणं नाही. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारतो, "गाडी रात्री कुठे लावता?" आणि मग, "घरापासून सर्व्हिस सेंटर किती लांब?" समोरचा जरा खट्टू होतो. पण रोजच्या कामाला भरवशाची गाडी कोणती, याचं निम्म्याहून जास्त उत्तर या दोन प्रश्नांत असतं. उरलेलं ब्रोशरमध्ये.

आधी रात्रीचं. बहुतेक स्कूटरींचा घरचा चार्जर साध्या तीन पिनांच्या प्लगवर चालतो. वीज ओढतो साधारण इस्त्रीएवढी, पण इस्त्री पंधरा मिनिटांत बंद होते आणि हा चार-पाच तास चालू असतो. सॉकेट जुनं, ढिलं असेल तर पिना तापतात, प्लगची कड तपकिरी होते आणि एक दिवस पार्किंगमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास येतो. म्हणून पहिले काही दिवस अर्ध्या तासानं खाली जायचं, बटण बंद करून प्लगला हात लावून बघायचं. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. पंधरा अँपिअरचं सॉकेट, त्याला साजेशी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच, आणि खरोखर काम करणारं अर्थिंग, एवढं त्याच्याकडून करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड लावून खिडकीतून वायर सोडणं हा प्रकार नको. पावसाळ्यात तर नकोच.

सोसायटीत राहत असाल तर गाडी बुक करण्याआधी कमिटीशी बोला. आमच्याकडे यावर सर्वसाधारण सभेत पाऊण तास गेला. कॉमन मीटरवर कोणी चार्ज करायचं नाही हे सगळ्यांना मान्य होतं, पण "आग लागली तर जबाबदार कोण?" यावर गाडी अडली. शेवटी तोडगा साधाच निघाला. मीटर रूममधल्या ज्याच्या-त्याच्या मीटरवरून पाइपातून वायर आणायची, पार्किंगच्या खांबावर कुलूप लागेल अशी पेटी बसवायची, खर्च ज्याचा त्यानं करायचा. अध्यक्ष काकांनी सगळ्यात जास्त विरोध केला होता. पुढच्या दिवाळीत त्यांच्या सुनेची पेटी माझ्या शेजारच्या खांबावर लागली.

ज्यांना पार्किंगच नाही, गाडी रस्त्यावर किंवा वाड्याच्या बोळात लागते, त्यांनी बॅटरी काढून घरात नेता येईल अशा गाड्या बघाव्यात. हीरो कंपनीच्या 'विडा' स्कूटरची अशी मॉडेल्स आहेत. पण एकेका बॅटरीचं वजन दहा किलोच्या आसपास असतं, आणि तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर महिन्याभरात उत्साह मावळतो. घरात चार्ज करायची तर बाहेर पडायच्या दारापाशी किंवा झोपायच्या खोलीत नको. हे जमत नसेल तर मी सरळ सांगतो, पेट्रोलचीच घ्या. सार्वजनिक चार्जिंगवर रोजचं ऑफिस भागवायचं म्हणजे संध्याकाळ दुसऱ्याच्या दारात काढायची.

आता सर्व्हिस सेंटर. शोरूममध्ये कोणी वाईट बोलत नाही, एसीही असतो. तिथून निघा आणि त्याच कंपनीच्या वर्कशॉपला जा, शक्यतो सोमवारी सकाळी. शेडमध्ये किती गाड्या उभ्या आहेत ते मोजू नका, त्यांच्यावरची धूळ बघा. आठवड्याभरात परत जाणारी गाडी चिखलानं माखलेली असते. पार्टसाठी खोळंबलेल्या गाडीच्या सीटवर बारीक, एकसारखी धूळ बसलेली असते आणि हँडलला अडकवलेल्या जॉब कार्डाची शाई उडालेली असते. त्या कार्डावरची तारीख वाचा. मग बाकड्यावर बसलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाशेजारी बसून नुसतं म्हणा, "काय झालं गाडीला?" पुढचं तुम्हाला काही विचारावं लागत नाही.

मेकॅनिकलाही विचारा, पण सेल्सवाला शेजारी नसताना. दोनच गोष्टी. बॅटरी आणि कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) इथे उघडतात की कंपनीत पाठवतात? आणि तोवर दुसरी गाडी देतात का? इलेक्ट्रिक गाडीत बिघडायला तसं थोडंच असतं. ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, कार्बोरेटर नाही, क्लच नाही. ब्रेकचे लायनर, टायर, सस्पेन्शनचे बुश, बेअरिंग, हे कोणीही करून देतो. पण जे थोडं बिघडतं ते नाक्यावरच्या मिस्त्रीच्या हाताबाहेरचं असतं. लॅपटॉप जोडून एरर कोड वाचल्याशिवाय पान हलत नाही, आणि तो लॅपटॉप फक्त कंपनीकडे असतो. माझ्या मेव्हण्यानं सांगलीजवळच्या तालुक्याच्या गावी एका नव्या कंपनीची गाडी घेतली. गाडी चांगली होती, दिसायला माझ्यापेक्षा देखणी. वर्षाच्या आत कंट्रोलर गेला. तोवर गावातला डीलर शटर ओढून मोबाइलच्या धंद्यात गेला होता. गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला न्यावी लागली आणि पार्ट यायला पावसाळा उलटला. हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापले जात होते. म्हणून मी म्हणतो, सर्व्हिस सेंटर घरापासून दहा किलोमीटरच्या आत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी चांगली नाही, मग बंगळूरमध्ये तिचं कितीही कौतुक असो.

रेंजबद्दल सगळेच विचारतात, तर तो हिशोब एकदा करून टाकू. बॅटरीचा आकडा किलोवॅट-अवरमध्ये लिहिलेला असतो. ते म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं युनिट. शहरात स्कूटर एका किलोमीटरला ढोबळमानानं तीस वॅट-अवर खाते. म्हणजे तीन युनिटची बॅटरी कागदावर शंभर किलोमीटर जाते, आणि मागे माणूस, चढ, स्पोर्ट मोड, चार वर्षांची झीज हे सगळं धरलं तर सत्तर-पंचाहत्तर. ब्रोशरवर याच बॅटरीपुढे बराच मोठा आकडा असतो. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगानं काढलेला असतो. खोटा नसतो, पण त्या रोलरवर सिंहगड रोड नसतो. माझा नियम असा, की तुमची रोजची फेरी जितकी, त्याच्या दुप्पट तरी गाडी खरोखर गेली पाहिजे. पंचवीस-तीस किलोमीटरची फेरी असेल तर तीन युनिटची बॅटरी भरपूर झाली. मोठ्या बॅटरीचे वीस-पंचवीस हजार जास्त देऊन महिन्यातून एकदा सासवडला जाण्याची सोय करू नका, त्या दिवशी बायकोची पेट्रोलची गाडी न्या.

आगीचं विचारल्याशिवाय तर कोणी सोडत नाही. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशभर इलेक्ट्रिक स्कूटरी पेटल्या, त्यातली एक आपल्या लोहगावात रस्त्याकडेला उभी होती. तो व्हिडिओ प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरला. त्यानंतर केंद्र सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस १५६ हे मानक कडक केलं. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ ला. एक सेल तापला तर ती आग शेजारच्या सेलमध्ये पसरते का, पॅकमध्ये पाणी शिरतं का, बीएमएस म्हणजे बॅटरीवर पहारा करणारं सर्किट वेळेत वीज तोडतं का, या चाचण्या त्यात आल्या. त्यामुळे सेकंडहँड घेणाऱ्यांना माझं सांगणं असतं, की आरसीवर गाडी बनल्याचा महिना बघा. त्या तारखांच्या आधीची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून हरखून जाऊ नका. एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटचे सेल असलेली बॅटरी एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा उष्णता जास्त सोसते आणि जास्त वेळा चार्ज होते, पण तेवढ्याच युनिटला जागा आणि वजन जास्त घेते. आपल्याकडच्या बऱ्याच स्कूटरींत एनएमसी असते. विदर्भात राहत असाल तर एलएफपी मुद्दाम शोधा. पुण्यात तेवढं नडत नाही. एप्रिलच्या दुपारी घरी आल्या आल्या चार्जर लावायचा नाही, तासभर गाडी गार होऊ द्यायची, एवढं पाळलं तरी पुरे.

पावसाचंही तसंच. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवूनही आत पाणी गेलं नाही, असा शिक्का. पण तो त्या-त्या भागाला असतो, अख्ख्या गाडीला नसतो, आणि पाणी स्वच्छ, स्थिर असतं. माझ्या पाहण्यात पावसानं बिघडलेल्या गाड्या कमी आणि वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्यानं बिघडलेल्या जास्त आहेत. प्रेशरची नळी चार्जिंगच्या सॉकेटवर आणि स्विचवर मारली की पुढचे चार दिवस इंडिकेटर आपल्या मर्जीनं लागतात. बादली आणि फडकं बरं.

घाटात राहणाऱ्यांना एक सांगतो, कारण हे शोरूममध्ये सांगत नाहीत. थ्रॉटल सोडला की मोटर उलटी वीज बनवून गाडीचा वेग कमी करते आणि ती वीज बॅटरीत जाते. याची हाताला सवय होते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असली की ती वीज ठेवायला जागा नसते आणि ती ओढ जवळजवळ नाहीशी होते. वर राहत असाल आणि सकाळी फुल चार्ज करून थेट उतार असेल तर पहिल्या वळणावर गाडी अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते. अशांनी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं. पुढे डिस्क ब्रेक असलेली गाडी घ्यावी.

पंचवीसच्या वेगाची, लायसन्स नको, पासिंग नको, अशी गाडी घ्यायची का? अडीचशे वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असेल तर तिला खरोखरच नोंदणी लागत नाही. आजोबांना भाजी आणायला किंवा मुलीला गल्लीतल्या क्लासला जायला ठीक. पण रोज मुंढव्याच्या पुलावरून जायचं असेल तर मागून पीएमपीची बस हॉर्न देत असताना पंचवीसचा वेग फार थोडा असतो. मग दुकानदार हळूच म्हणतो, "लॉक काढून देतो, पंचेचाळीस जाईल." तिथून उठा. ती गाडी बेकायदा होते, नोंदणी आणि विमा नसतो, आणि अपघात झाला तर सगळं तुमच्या अंगावर येतं. शिवाय या गाड्यांत अजून लेड-ॲसिड बॅटऱ्या सापडतात, त्या दीड-दोन वर्षांत बसतात.

आता नावं, कारण त्याशिवाय तुम्ही उठणार नाही. बजाजची चेतक आकुर्डीची, जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बंगळूरलाच पहिल्यांदा आली. त्यामुळे पुण्यात तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक आहेत. अंग पत्र्याचं असल्यानं पोचा आला तर डेंटिंगवाला काढून देतो. टीव्हीएसची आयक्यूबही त्याच महिन्यात आली. मोटर मागच्या चाकातच असल्यानं बेल्ट-चेनची कटकट नाही, सीट मोठी, कुटुंबाची गाडी. एथरची मोटर मध्ये असते आणि चाकाला बेल्टनं जोडलेली. चालवायला या तिन्हींत मला तीच आवडते, पण बेल्टकडे लक्ष ठेवावं लागतं. यांतलं तुमच्या भागात ज्याचं वर्कशॉप जवळ आणि शेडमध्ये धूळ कमी, ते घ्या. मी कोणतं घेतलं ते सांगत नाही. सांगितलं की लोक बाकीचं ऐकत नाहीत.

किंमत विचारताना तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या मित्राचा आकडा धरू नका. जून २०२१ पासून केंद्राची सबसिडी बॅटरीच्या दर युनिटमागे १५ हजार रुपये होती, जून २०२३ ला ती १० हजारांवर आली आणि पुढे आणखी घटत गेली. चार्जर किमतीत आहे की वेगळा लावलाय ते विचारा. बॅटरीच्या वॉरंटीत वर्षं आणि किलोमीटर तर असतातच, पण क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार, हे लेखी बघा. सत्तर लिहिलं असेल तर उत्तम. काहीच लिहिलं नसेल तर ती वॉरंटी बॅटरी पूर्ण बंद पडण्याची वाट बघणार. गाडी ताब्यात घेताना बॅटरी, मोटर आणि चार्जरचा नंबर बिलाशी ताडून बघा.

शेवटी हमखास येणारा प्रश्न, "नवीन बॅटऱ्या येतायत म्हणे, अजून थांबू का?" नवीन बॅटरी दर वर्षी येतच असते. तुमचं रोजचं जाणं-येणं तीस किलोमीटरचं असेल तर पेट्रोलचे किलोमीटरमागे सव्वादोन रुपये आणि विजेचे पन्नास पैसे, म्हणजे महिन्याला तेराशे रुपये वाचतात. थांबलात तर तेवढे जातात. पण ऑफिस चार किलोमीटरवर असेल, जुनी ॲक्टिव्हा नीट चालत असेल, तर फरकाचे पैसे निघायला इतकी वर्षं लागतील की तोवर बॅटरीचीच वॉरंटी संपायला आलेली असेल. तुमच्या त्या गाडीचा व्हेरिएटर बेल्ट बदलून घ्या, मागचा टायर टाका, आणि दोन वर्षांनी पुन्हा विचारा.