चौदा दिवस दंडावर सेन्सर

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, 5.9 आली. डॉक्टर म्हणाल्या, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात." 5.7 ते 6.4 हा तो उंबरठा. गंमत म्हणजे उपाशीपोटीची शुगर 97, अगदी गुणी मुलीसारखी. मग चढते कधी? ते बघायला त्यांनी साखर सतत मोजून फोनवर दाखवणारा चौदा दिवसांचा सेन्सर लावायला सांगितला.

मला भीती सुईची होती. मोठ्या बटणाएवढी चकती दंडाच्या मागच्या बाजूला टेकवून दाबली, खटकन आवाज झाला, संपलं. सुई लगेच बाहेर येते, आत राहते ती केसासारखी लवचिक तार. ती रक्तात नसते. पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजते. त्यामुळे फोनवरचा आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. हे आधी कोणी नीट समजावलं असतं तर पहिली रात्र सुखाची गेली असती.

पहाटे तीनला अलार्म कोकलला. 58! घर जागं झालं. मला ना घाम, ना थरथर. तरी हात साखरेच्या डब्याकडे गेलाच होता, तेवढ्यात जुना ग्लुकोमीटर आठवला. बोट टोचलं तर 94. मी त्याच कुशीवर झोपले होते. दंड दाबला गेला की सेन्सर खोटा खाली जातो. शिवाय पहिल्या दिवशी तो तसाही जरा भरकटतो. तेव्हापासून दुसऱ्या कुशीवर, आणि आकडा आणि अंग जुळलं नाही की आधी बोट टोचायचं.

खरा धक्का नाश्त्याला बसला. ओट्स आणि केळं, म्हणजे माझ्या मते घरातलं सगळ्यात सज्जन खाणं. पाऊण तासात 172. दुसऱ्या दिवशी तेच ताट, फक्त आधी दोन अंडी खाल्ली आणि नंतर पंधरा मिनिटं चालले. 138 वर थांबली. वा, सापडलं की गुपित! असं वाटून मी खूश झाले. चौथ्या दिवशी पुन्हा तीच अंडी, तेच ओट्स, तेवढंच चालणं, आणि आकडा 163. ताटात काहीच बदललं नव्हतं. आदल्या रात्री मी जेमतेम चार तास झोपले होते. एका दिवसावरून नक्की काही म्हणता येत नाही, हे मान्य. पण पुढे आणखी एका जागरणानंतर तसंच झालं, तेव्हा माझी नजर ताटावरून घड्याळाकडे वळली.

एकदा तर काहीच न खाता 141 दिसली. जिने धावत चढले होते. जोर लावला की यकृत साठवलेली साखर सोडतं, आणि थोड्या वेळाने ती आपोआप उतरते. उतरलीही.

पण दुसऱ्या आठवड्यात माझं जरा डोकं फिरलं. दर दहा मिनिटांनी फोन. 140 ओलांडली की अपराधी वाटायचं. केळं बंद, मग सगळीच फळं बंद. डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं तर त्यांनी चांगलंच झापलं. मधुमेह नसलेल्यांचीही जेवणानंतर थोडा वेळ 140 वर जाते, म्हणाल्या. किती वर गेली यापेक्षा किती वेळ वर राहिली ते बघा. मग त्यांनी आलेख आडवा धरून रात्रीच्या जेवणावर बोट ठेवलं. मी साडेदहाला जेवून लगेच आडवी व्हायचे. तिथे उंच सुळका नव्हताच. होती एक लांबलचक टेकडी, पहाटेपर्यंत पसरलेली. नाश्त्याशी भांडण्याच्या नादात ती मला दिसलीच नव्हती.

शेवटचे चार दिवस साडेसातला जेवले. टेकडी साडेदहाच्या आत उतरू लागली.

पंधराव्या दिवशी चिकटपट्टी कोमट पाण्याने भिजवून सोलली. दंडावर गोल लालसर ठसा आणि मधोमध मुंगी चावल्यासारखा ठिपका राहिला. पुढची एचबीएवनसी तीन महिन्यांनी आहे. केळं परत सुरू केलंय, अंड्यांनंतर.