एक मेगोहमची वाट पाहताना

18 ऑगस्ट 2025 रोजी, सोमवारी, दिवसभर पाऊस ओतत होता आणि मंगळवारसाठीही हवामान खात्याने मुंबईला लाल इशारा दिलेला होता. तरीही त्या रात्री झोपताना विजेचा विचार माझ्या मनात आला नव्हता. कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून चालत पंधरा मिनिटांवर आमची सात मजली, अठ्ठावीस घरांची सहकारी सोसायटी आहे आणि गेली सहा वर्षे मी तिची सचिव आहे. पावसाळ्याची तयारी म्हणजे गटारे उपसून घेणे, गच्चीच्या गळतीची डागडुजी करणे आणि फांद्या छाटण्यासाठी पालिकेकडे अर्ज देणे, अशीच माझी समजूत होती. आमची मीटर रूम तळमजल्यावर जिन्याखाली आहे. समोरच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढत गेला आणि खोली होती तिथेच राहिल्यामुळे ती आता रस्त्यापेक्षा चांगली वीतभर खाली गेली आहे. हे मी रोज येता-जाता पाहत होते.

मंगळवारी पहाटे सव्वापाचला वॉचमनने दार वाजवले. खाली उतरले तेव्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाणी लागले होते, मीटर रूमच्या दाराखालून ते आत शिरत होते आणि भिंतीवर झुरळांची रांग वर सरकत होती. वॉचमन चप्पल काढून, चावी हातात घेऊन मेन स्विच पाडायला आत जाण्याच्या बेतात होता. "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे," असे तो म्हणाला. मी त्याला दंडाला धरून मागे ओढले. पाण्यात उभे राहून चालू स्विचला हात लावायचा नाही, एवढे मला ठाऊक होते. पण मग पुरवठा बंद कोणी आणि कोठून करायचा, याचे उत्तर मात्र माझ्याजवळ तयार नव्हते. इमारतीची सर्व्हिस केबल ज्या पिलरमधून येते, तो लोखंडी पेटीवजा पिलर रस्त्याच्या कोपऱ्यावर असतो आणि तो उघडण्याचा अधिकार वीजकंपनीच्या माणसालाच असतो. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला तर ध्वनिमुद्रित आवाजाने आधी ग्राहक क्रमांक मागितला. जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्ट ज्या मीटरवर चालतात त्याचे बिल सोसायटीच्या कार्यालयात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते आणि त्या कार्यालयातही पाणी होते. शेवटी माझ्या स्वतःच्या घराचा क्रमांक देऊन माणसाशी बोलणे झाले. त्यानंतर सुमारे चाळीस मिनिटांनी पिलरवरून पुरवठा तोडला गेला. तोवर मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात उभे राहून, दूध आणायला निघालेल्या प्रत्येकाला वर पाठवत होतो. लिफ्ट वॉचमनने आधीच वरच्या मजल्यावर नेऊन बंद केली होती. त्या पहाटे आमच्या हातून आपोआप बरोबर झालेली तेवढी एकच गोष्ट.

सहाच्या सुमारास अंधार झाला, तेव्हा मला खरोखर हायसे वाटले.

पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा 1916 हा क्रमांक तिसऱ्या प्रयत्नात लागला. पलीकडच्या बाईंनी आवाज न चढवता तीनच गोष्टी विचारल्या: पाण्याची उंची किती आहे, कोणी अडकले आहे का आणि घरात यंत्रावर असलेला रुग्ण आहे का. तिसऱ्या प्रश्नावर मी अडखळले. पाचव्या मजल्यावरच्या आजी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात हे मला माहीत होते. पण ते यंत्र विजेवर चालते ही साधी जोडणी माझ्या डोक्यात तोपर्यंत झालेली नव्हती. मी धावत वर गेले. यंत्र इन्व्हर्टरवर चालू होते आणि त्यांचा मुलगा कागदावर हिशेब मांडत बसला होता. 150 अँपिअर-अवर आणि 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॉट-अवर. यंत्र साधारण 350 वॉट खाणारे. इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट धरली तर हातात जेमतेम चार तास. त्याने घरातले पंखे आणि दिवे आधीच बंद केले होते. पर्याय सिलिंडरचा होता. लहान, बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर प्राणवायू मावतो आणि आजींना मिनिटाला दोन लिटर लागतो. म्हणजे एक सिलिंडर साडेबारा तास पुरतो. भाड्याने सिलिंडर देणाऱ्याने गाडी पाण्यात घालायला नकार दिला. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या मंडळाच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून दोन सिलिंडर मिळाले. मंडळाच्या पोरांनी ते हातगाडीवर दोरीने बांधून मांडीइतक्या पाण्यातून आणले आणि पाच मजले खांद्यावरून चढवले. त्यांतला एकजण पुढे काठीने रस्ता चाचपत चालत होता, कारण 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला, ते या शहरात कोणी विसरलेले नाही. सव्वानऊ वाजले होते. बॅटरीचा लाल दिवा लागून काही मिनिटे झाली होती.

त्यानंतर मी वही घेऊन प्रत्येक घराची बेल न वाजवता (वाजणारच नव्हती) दारे ठोठावत सातव्या मजल्यापासून खाली आले आणि कोणाला काय लागते ते लिहून काढले. दोन घरांत इन्सुलिन होते. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालते, पण न उघडलेला साठा थंड राहायला हवा, म्हणून तो मातीच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. तिसऱ्या मजल्यावर सहा आठवड्यांचे बाळ होते. त्या वहिनींना दुपारी पाणी ओसरू लागल्यावर त्यांच्या माहेरी ठाण्याला पाठवावे असे ठरले, पण लोकल बंद झाल्याचे कळले आणि बेत रद्द झाला. मिठीची पातळी 3.9 मीटरपर्यंत गेल्यामुळे नदीकाठच्या क्रांतीनगरातल्या कुटुंबांना पालिकेच्या शाळेत हलवत असल्याचेही त्याच सुमारास कानावर आले. आमच्या अडचणी त्यामानाने कोरड्या जमिनीवरच्या होत्या. संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर ऐकले की चेंबूर आणि भक्ती पार्कच्या दरम्यान मोनोरेल गर्दीच्या भाराने वीजसंपर्क तुटून हवेतच थांबली आहे आणि शेकडो प्रवाशांना अग्निशमन दल शिड्या लावून उतरवत आहे.

रात्री दहाच्या सुमारास पाणी गेले. समोरच्या इमारतीत दिवे आले, टाळ्या वाजल्या आणि माझ्या फोनवर संदेश आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. परिसराचा फीडर, म्हणजे मुख्य वीजवाहिनी, चालू झाल्यामुळे संगणकाने आमचीही तक्रार बंद केली होती. जिन्यात मेणबत्ती धरून उभे राहून मी तो संदेश दोनदा वाचला. नवी तक्रार नोंदवताना या वेळी "पुरवठा नाही" असे न सांगता "मीटर रूममध्ये पाणी शिरले होते, तपासणीशिवाय पुरवठा जोडू नये" असे शब्द मी मुद्दाम लिहून घ्यायला लावले. त्या एका वाक्याने काम साध्या दुरुस्ती पथकाकडून योग्य माणसांकडे गेले, असे मला नंतर लाइनमननेच सांगितले.

बुधवारी सकाळी तो आणि आमचा परवानाधारक ठेकेदार एकत्र आत गेले. भिंतीवर पाण्याची रेघ गुडघ्याच्या जरा वर होती. मीटरच्या खालच्या रांगेतले नऊ मीटर, त्यांच्याखालचे कट-आउट (फ्यूज बसवायचे खोके) आणि लिफ्टचा मेन स्विच पाण्याखाली गेले होते. पॅनेलचे झाकण उघडले तेव्हा बसबारच्या, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, मागे चहाच्या चोथ्यासारखा गाळ बसलेला दिसला. वरून सगळे कोरडे भासत होते. लाइनमनने मेगर लावला आणि त्याची मूठ गरागरा फिरवली. हे उपकरण 500 व्होल्टचा दाब देऊन तारेभोवतालचे आवरण किती वीज अडवते ते मोजते. घरगुती दाबाच्या जोडणीला किमान एक मेगोहम, म्हणजे दहा लाख ओहम इतका अडथळा, यायला हवा. आमचा काटा शून्यापासून हललाच नाही. "ताई, आता जोडलं तर पॅनेल फुटेल," तो म्हणाला. मीटरपर्यंतची केबल आणि कट-आउट कंपनीचे, मीटरनंतरचे सगळे आमचे, अशी विभागणी त्याने खडूने भिंतीवरच रेघ मारून दाखवली. आमच्या बाजूचा तपासणी अहवाल ठेकेदाराच्या सहीने मिळाल्याखेरीज तो पिलरमध्ये फ्यूज बसवणार नव्हता.

मला वाटले होते की पाणी ओसरणे हा कठीण भाग आणि वीज येणे हा सोपा. प्रत्यक्षात पाणी सोळा-सतरा तासांत गेले आणि ओल जायला अडीच दिवस लागले. पावसाळी हवेत, खिडकी नसलेल्या खोलीत गाळ धुऊन काढलेले पॅनेल आपोआप वाळत नाही. त्याला गरम हवा द्यावी लागते आणि गरम हवेसाठी वीज लागते! गणेशोत्सव 27 तारखेला होता, त्यामुळे मंडपवाल्याचा डिझेल जनरेटर गल्लीच्या तोंडाशी येऊन पडलेलाच होता. त्याने तो भाड्याशिवाय दिला, डिझेल आमचे. पहिल्या मजल्यावरच्या एका उत्साही सदस्यांनी तो स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगच्या जागेत, आणून थेट जिन्याच्या मेन स्विचला जोडावा म्हणजे निदान पंप चालेल, असे सुचवले आणि चार जणांनी माना डोलावल्या. ठेकेदाराने दोन्हींना साफ नकार दिला. बंदिस्त स्टिल्टमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिन्यातून वर चढतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. आणि जनरेटरची वीज इमारतीच्या जोडणीत सोडली तर ती उलटी केबलमधून पिलरकडे जाऊ शकते, जिथे पुरवठा बंद आहे अशा समजुतीने कोणीतरी हात घालून बसलेला असतो. तो कोणीतरी म्हणजे सकाळचाच लाइनमन होता. मग जनरेटर रस्त्यावर उघड्यावर ठेवला, त्यावरून स्वतंत्र वायर ओढून दोन हॅलोजन आणि एक ब्लोअर मीटर रूममध्ये लावला आणि उरलेल्या बोर्डवर पाळीपाळीने फोन चार्ज करायची व्यवस्था केली. आजींचे यंत्र आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांना त्यात पहिला मान होता.

गुरुवारी सकाळी मेगरवर 0.04 आले, संध्याकाळी 0.3. त्या संध्याकाळी माझ्या दाराशी आठ-दहा सदस्य जमले. समोरच्या इमारतीत वीज आहे आणि आपल्याकडे सचिवबाई आकडे मोजत बसल्या आहेत, असा त्यांचा सूर होता. एका काकांनी आपल्या ओळखीचा वायरमन पाचशे रुपयांत फ्यूज टाकून देईल असेही सांगितले. त्यांचा राग मला समजत होता. तीन दिवस पिण्याचे पाणी पाच-पाच मजले चढवून गुडघे गेले होते, फ्रीजमधले सगळे फेकले होते. मी त्यांना खाली नेले आणि ठेकेदाराला सर्वांसमोर मेगर लावायला सांगितले. काटा जिथे थांबला ते पाहिल्यावर कोणी वायरमनचे नाव काढले नाही. काका मात्र "यंत्रच बिघडलं असेल" असे पुटपुटत वर गेले.

या मधल्या वेळात सक्शन टाकीचे, म्हणजे पंप जिच्यातून पाणी वर चढवतो त्या जमिनीखालच्या टाकीचे, कामही उरकले. तिच्यात रस्त्याचे पाणी शिरले होते, म्हणून ती पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन मगच भरली. पाण्यातून चाललेल्या सगळ्यांना मी पालिकेच्या दवाखान्यात पाठवले. लेप्टोस्पायरोसिस या साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराला अटकाव करणारे डॉक्सिसायक्लिन हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेत, म्हणजे 72 तासांच्या आत घ्यावे लागते आणि पायाला जखम असेल तर त्यात चालढकल चालत नाही. वॉचमनच्या टाचेला भेगा होत्या. त्याला मी स्वतः घेऊन गेले.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता आकडा 1.6 झाला. बुडालेले सगळे एमसीबी (आपोआप पडणारे सुरक्षा-स्विच) ठेकेदाराने धुऊन वापरायला नकार दिला आणि नवे बसवले. कंपनीने खालच्या रांगेतले नऊ मीटर बदलले. प्रत्येक घरातला मेन स्विच बंद आहे याची मी सही घेऊन खात्री केली. पुरवठा एकदम न जोडता आधी जिना, मग पंप, मग मजल्यांप्रमाणे घरे असा सोडला. सातव्या मजल्यावरची दोन घरे जोडताना पॅनेलमधून हलकासा चर्र आवाज आला, सगळे मागे सरले, पण तो नव्या स्विचवर राहिलेल्या थेंबाचा होता. लिफ्ट मात्र खड्ड्यातले पाणी काढून, तिच्या कंपनीचा माणूस येऊन गेल्यावर सोमवारी सुरू झाली.

मीटर रूमच्या भिंतीवर सर्वात जुन्या रहिवाशांनी 26 जुलै 2005 च्या पाण्याची रेघ रंगाने मारून ठेवलेली आहे. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि ती रेघ माझ्या खांद्याला लागते. यंदाची रेघ आम्ही तिच्याखाली, तारखेसह मारली. मीटरचे पॅनेल जुन्या रेघेच्या वर उचलून पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर न्यावे, असा ठराव मी विशेष सर्वसाधारण सभेत मांडला. खर्चाचा आकडा ऐकून सभेत बराच वेळ शांतता होती. नंतर वाद झाला, आणि यंत्र बिघडले असेल म्हणणाऱ्या काकांनीच अनुमोदन दिले. कंपनीची जागेची पाहणी अजून व्हायची आहे. तोवर जिन्यातल्या मीटरचा ग्राहक क्रमांक सूचना फलकावर मोठ्या अक्षरांत लावला आहे आणि यंत्रावर असलेल्या रुग्णांची वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा लिहिते. गेल्या खेपेस तिच्यात चौथ्या मजल्यावरचे एक नाव वाढले.