हप्ता भरण्याच्या एका चाचणीने ठरवलेले साधन

टिळकवाडीतील आमच्या छोट्या कार्यालयात पतसंस्थांसाठी वेब प्रणाली तयार होते. बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणी येथील सभासद ती मराठी, कन्नड आणि इंग्रजीतून वापरतात, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर लॉगिनपासून पावतीपर्यंतचा मार्ग तिन्ही भाषांत तपासावा लागतो. आमच्या जुन्या चाचण्या सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवून तपासणाऱ्या साधनावर होत्या. २००४ पासून चालत आलेले ते साधन भक्कम आहे. परंतु आम्हीच जागोजागी दोन-तीन सेकंद थांबण्याच्या ओळी घालून ठेवल्या होत्या, आणि एकाच चाचणीचा निकाल सकाळी हिरवा (उत्तीर्ण) व दुपारी लाल (फसलेला) येऊ लागल्यावर त्या निकालांवरचा सर्वांचा विश्वास उडाला.

नवे साधन निवडण्यासाठी आम्ही सर्वांत अवघड काम, म्हणजे कर्जाचा हप्ता भरणे, घेतले आणि त्याची चाचणी सेलेनियम, सायप्रेस व प्लेराइट या तिन्हींत लिहिली. सायप्रेस ब्राउझरच्या आतच चालते, म्हणून त्यात चूक शोधणे सोपे गेले. मात्र हप्ता भरताना बँकेचे पान नव्या टॅबमध्ये उघडते, आणि दुसरा टॅब हाताळण्याची सोय सायप्रेसमध्ये मूळची नाही. प्लेराइटने तो टॅब धरला, बटण वापरण्याजोगे होईपर्यंत स्वतःच वाट पाहिली आणि तीच चाचणी क्रोमियम, फायरफॉक्स व वेबकिट या तिन्ही ब्राउझर-इंजिनांवर चालवली. फसलेल्या चाचणीचा ट्रेस, म्हणजे तिची पायरीवार नोंद, उघडली, की त्या त्या पायरीला पान कसे होते ते दिसते. मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते. प्लेराइट घ्यायचे ठरले.

तरीही मराठीतील चाचणी फसतच राहिली. ‘दुसऱ्या बँकेतून भरा’ हे बटण पडद्यावर स्पष्ट दिसत असूनही, त्यावरील शब्दांवरून ते शोधणाऱ्या साधनाला सापडत नव्हते. दोन दिवसांनी मी बटणावरच्या आणि चाचणीतल्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक अक्षरे ज्या क्रमांकांनी ओळखतो ते, छापून पाहिले. भाषांतराच्या फाइलमध्ये तो ‘ऱ्य’ साधा र, हलन्त, न दिसणारे जोडचिन्ह आणि य असा टंकलेला होता, तर माझ्या चाचणीत स्वतंत्र ‘ऱ’ होता. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानंतरही, म्हणजे समान अक्षरांची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेनंतरही, ती एक होत नाहीत. येथे कोणतेही साधन अडलेच असते.

आता आम्ही बटणे त्यांच्या टेस्ट-आयडीवरून, म्हणजे चाचणीसाठी दिलेल्या न दिसणाऱ्या खुणेवरून, शोधतो, आणि मराठी फाइलमध्ये ‘ऱ्य’चे एकच रूप आहे ना, हे वेगळ्या चाचणीने पाहतो. पहिल्याच फेरीत तिला ‘भरणाऱ्या’ आणि ‘घेणाऱ्या’ हे शब्दही दोन्ही रूपांत सापडले.