लॉकपासून लॉगिनपर्यंत : आमची वाटचाल

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अजून ३१ लॉक पडलेली आहेत. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं ते डोंगल. ते काढलं की आमचा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम उघडायचा नाही, म्हणजे चोरून कॉपी करता यायची नाही. ज्यांनी त्या काळात पॅकेजं विकली, त्यांना आणखी सांगायला नको.

आमचं पॅकेज गूळ अडतीचं. आवक, रव्यांचं म्हणजे गुळाच्या ढेपांचं वजन, हमाली, तोलाई म्हणजे वजन करण्याची मजुरी, शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल, सगळा हिशेब होऊन पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद, छापून बाहेर. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एप्सनचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरू लागला की ओट्यावर बसलेले शेतकरी उठून काउंटरपाशी यायचे. पूर्वी दिवाणजी तीच पट्टी हाताने करायचे आणि सौद्याच्या दिवशी रात्रीचे दहा वाजायचे. ते काम आम्ही संध्याकाळी पाचवर आणलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर आमच्याबद्दल यार्डात जे जे बोललं गेलं त्यात ही गोष्ट कुणी काढली नाही.

एका लॉकचे १५,००० रुपये, तेही एकदाच. त्यानंतर फोन आला की मोटारसायकल काढायची, सीडी घेऊन जायचं, चूक दुरुस्त करायची आणि चहा घेऊन परत यायचं. यार्डातल्या पेढ्या मोजक्या. सगळ्यांकडे लॉक बसलं की पुढच्या दिवाळीला विकायचं काय? एकदाच विकण्याच्या धंद्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आमच्यापुढे तो २००८ मध्ये आला.

वेबवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची कल्पना माझ्या भागीदाराची. डोकं त्याचं माझ्यापेक्षा तल्लख होतं, हे आजही मान्य करतो. त्या वेळी हवाच तशी होती. २००४ मध्ये जीमेल आलं. २००६ मध्ये गूगलने रायटली हा ब्राउझरमध्ये मजकूर लिहायचा प्रोग्रॅम विकत घेतला आणि त्यातून डॉक्स उभं केलं. त्याच वर्षी ॲमेझॉनने आपले सर्व्हर तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. जुलै २००९ मध्ये गूगलने क्रोम ओएस, म्हणजे ब्राउझरभोवती बांधलेली ऑपरेटिंग सिस्टिम, जाहीर केली तेव्हा भागीदाराने त्या बातमीची प्रिंट काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "आपण यार्डाची ऑपरेटिंग सिस्टिम करू. व्यापारी सकाळी ब्राउझर उघडेल आणि आत त्याचं अख्खं ऑफिस असेल."

मला पटलं. राजारामपुरीतला गाळा तारण ठेवून सहकारी बँकेचं कर्ज काढलं. एक्स्ट जेएस नावाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत डेस्कटॉपचा एक नमुना होता, तो घेऊन आम्ही कामाला लागलो. ब्राउझरच्या आत आयकॉन, ओढता येणाऱ्या खिडक्या, खाली पट्टा, मराठी टिपणवही, कॅल्क्युलेटर, फायली ठेवायला कपाट. पट्टी करायचा प्रोग्रॅम त्या सगळ्यात एका कोपऱ्यात. खिडकी हलवताना तिची सावली नीट पडावी म्हणून एका पोराने पंधरा दिवस घातले होते. दिसायला ते इतकं देखणं होतं की पुण्याहून आलेले लोक थांबून बघायचे.

यार्डातल्या मशीनवर मात्र ते उघडेना. जुने पेंटियम, त्यावर इंटरनेट एक्स्प्लोरर ६ हा जुना ब्राउझर. डेस्कटॉप उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. ब्रॉडबँडच्या मोडेमवरचा दिवा दिवसातून दहादा लुकलुकायचा. लोडशेडिंगच्या वेळेत इन्व्हर्टर पंखा ओढायचा की मॉनिटर, यावर दुकानात भांडणं. सर्व्हर परदेशात, त्याचं भाडं डॉलरमध्ये, आणि आमचं कार्ड दर दोन महिन्यांनी नाकारलं जायचं. डिसेंबरातल्या एका सोमवारी, ऐन हंगामात, तीन तास सर्व्हर बंद होता. चाळीस शेतकरी पट्टीवाचून बसून राहिले. त्या दिवशी मी यार्डात उभा होतो आणि वर बघायची हिंमत होत नव्हती.

चूक तंत्रज्ञानात होती असं पुष्कळ जण म्हणाले. मला ते मान्य नाही. चूक धंद्याच्या गणितात होती. ऑपरेटिंग सिस्टिमला जोर येतो तो तिच्यावर चालतील असे प्रोग्रॅम इतर लोक लिहितात म्हणून. विंडोजवर जगभरचे लोक लिहीत होते, आमच्यासाठी आम्हीच. ब्राउझर सगळ्यांच्या मशीनवर होताच, त्याच्या आत आणखी एक डेस्कटॉप घालून गिऱ्हाइकाला नवीन काय मिळणार आणि तो पैसे कशाचे देणार? गूगल डॉक्स फुकट देऊ शकत होतं, कारण त्यांचं पोट जाहिरातीवर. मायक्रोसॉफ्टचं पोट विंडोज आणि ऑफिसच्या परवान्यांवर, म्हणून ते सावकाश हलले आणि त्यांचं भाड्याने मिळणारं ऑनलाइन ऑफिस, ऑफिस ३६५, जून २०११ मध्ये आलं. त्याच महिन्यात क्रोम ओएसवर चालणारे लॅपटॉप, क्रोमबुकं, बाजारात आले. या दोघांच्या मध्ये ज्यांनी नुसता वेब डेस्कटॉप देऊ केला, त्यांच्या हातात कमाईची वाटच नव्हती. इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांनी मिळून चालवलेली घोस्ट नावाची वेब ऑपरेटिंग सिस्टिम २०१० मध्ये बंद पडली. ती बातमी वाचून मी भागीदाराला म्हणालो, आता खिडक्या पुरे, फक्त पट्टी ठेवू. तो चिडला.

२०११ च्या दिवाळीआधी तो गेला. दोन पोरं घेऊन गेला. दोन वर्षांचा कोड कुणाचा, याचा कागद आम्ही कधी केलाच नव्हता. एका ताटात जेवणाऱ्यांनी कागद कशाला करायचा, असं वाटायचं. नव्या मुलांना सांगतो, धंदा सुरू करायच्या दिवशीच तो कागद करा, मैत्री चांगली असते तेव्हाच तो होतो.

दोन महिन्यांत मोठ्या शहरातली एक कंपनी यार्डात आली. तिचं नाव इथे घेत नाही. पट्टीचा नमुना आमचाच होता, 'तोलाई'च्या रकान्याची रुंदीसुद्धा तीच. पहिलं वर्ष फुकट. माझ्या ११ पेढ्या एका हंगामात गेल्या. ज्यांच्या मुलांच्या लग्नात मी वाढप केलं होतं तीही माणसं त्यात होती. मी कुणाला अडवलं नाही. दुसऱ्या वर्षी भाडं आलं, तिसऱ्या वर्षी ते दुप्पट झालं, आणि सोडून जायचं म्हटलं तर जुन्या नोंदी बाहेर काढायची सोयच नव्हती. तीन हंगामांची उचल कुणाकडे किती, हे दुसऱ्याच्या सर्व्हरवर. जाणार कुठे?

त्या हंगामात एक पेढी हलली नाही. तिथले अण्णा. त्यांच्याकडेही त्या कंपनीचा एजंट दोनदा जाऊन आला होता. मी गेलो तेव्हा त्यांनी लाल कापडाची जुनी रोजकीर्द पुढ्यात ओढली आणि म्हणाले, "आरं, त्यो फुकट देतोय, आन् तू पैसं मागतोयस. ते ऱ्हाऊ दे. मला येवढंच सांग, ही वही तुझ्या घरात ठिवायची आन् किल्लीबी तुझ्याकडंच? मग माझं काय ऱ्हायलं?"

मी उत्तर न देता परत आलो. त्या रात्री झोप नाही. एजंटला विचारायचा प्रश्न त्यांनी मला विचारला होता, आणि बरोबरच विचारला होता. कारण आमच्या डेस्कटॉपमध्येही नोंदी बाहेर काढायचं बटण नव्हतं. आम्हाला ते सुचलंच नव्हतं.

मग सगळं मोडून पुन्हा लिहिलं. खिडक्या, सावल्या, कपाट, सगळं गेलं. एक पान राहिलं, त्यावर पट्टी. इंटरनेटची लाइन नसतानाही ब्राउझरमध्ये काम व्हावं म्हणून गूगल गियर्स वापरायचा आमचा बेत होता, पण २०१० मध्येच गूगलने त्याचं काम थांबवलं होतं. म्हणून नोंदी दुकानातल्या मशीनवर साठवणारा एक छोटा प्रोग्रॅम आम्हीच लिहिला. पट्टी लगेच दुकानात छापायची, लाइन आली की नोंदी वर चढवायच्या. आणि पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात 'माझी वही उतरवा' हे बटण. दाबलं की पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद एक्सेलमध्ये. आमचं भाडं थकलेलं असलं तरी ते बटण चालतं. भाडं हंगामाला ४,००० रुपये. लॉकचे १५,००० एकदाच यायचे, हे दरवर्षी येतात, आणि यायचे असतील तर दरवर्षी काम चोख ठेवावं लागतं. अण्णांनी दर महिन्याच्या अमावास्येला वही उतरवून घ्यायची रीत लावली. आजही त्यांच्याकडून चुकत नाही.

पुढची काही वर्षं कर्ज फेडण्यात गेली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा लॉकच्या दिवसांची आठवण झाली. पूर्वी करात बदल झाला की प्रत्येक दुकानात सीडी घेऊन जायचो, आठवडा जायचा. आता रात्री एका जागी बदल केला, सकाळी सगळ्यांच्या पट्टीत दिसला. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के कर लागू झाला, सुट्या रव्यावर नाही. तो फरकही आम्ही एका रात्रीत बसवला. यासाठी तरी ऑनलाइन जावं, असं मी शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांनाही सांगतो, त्यांनी विचारलेलं नसलं तरी. फक्त सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतात, भाडं थकलं तर काय होतं, आणि लाइन गेल्यावर दुकान चालतं का.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचा शाहूपुरीतला एक गिऱ्हाईक, सुटे भाग विकणारा, दुकानात पाणी शिरल्यावर नुसत्या अंगावरच्या कपड्यांनी निघाला. वीज नाही, शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्या दिवसांत ऑनलाइन काहीच चाललं नाही, हेही सांगायला हवं. पाणी ओसरल्यावर त्याने भावाच्या लॅपटॉपवर लॉगिन केलं. पूर येण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंतची उधारी जशीच्या तशी होती. त्याच्या शेजाऱ्याचा कॉम्प्युटर चिखलातून काढला. त्यावर आमचंच जुनं लॉकवालं पॅकेज होतं आणि बॅकअप त्याच दुकानातल्या कपाटात. त्याची उधारी कायमची गेली. ते लॉक मी पुसून घरी आणलं. खणातल्या एकतिसांत ते आहे.

गेलेल्या ११ पैकी ७ पेढ्या परत आल्या. जुन्या नोंदी मिळाल्या नाहीत म्हणून त्यांच्या पट्ट्यांचे कागद घेऊन आमची दोन माणसं चार महिने हाताने भरत बसली. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. भागीदार आता कुठे आहे ते मला माहीत आहे, पण बोलणं नाही. तोलाईचा रकाना तेवढा मी पुढे दोन अक्षरांनी रुंद केला.

दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा झाला की पहिली पट्टी अण्णांकडे छापतात. आता मशीनवर नातू बसतो. अण्णा कागद हातात घेऊन बेरीज बोटांवर करून बघतात, मग खाली सही करतात.