माझा अनुभव : आईच्या तळव्यावरची गाठ आणि मार्करची तपासणी

आईच्या उजव्या पायाच्या तळव्यावर कित्येक वर्षांपासून वाटाण्याएवढी लालसर गाठ होती. आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात सगळे तिला कुरूपच म्हणायचे. मेडिकलमधून कुरूपाची पट्टी आणायची, चार दिवस लावायची आणि आई परत निंदणाला. मागच्या पावसाळ्यात मात्र गाठ भराभर वाढली, चालताना रक्त येऊ लागलं. यवतमाळच्या सर्जननी ती काढून बायप्सीला पाठवली.

रिपोर्ट आला, पण निकाल लागला नाही. गाठ घामाच्या ग्रंथीच्या नळीतून निघालेली आहे. पोरोमा की पोरोकार्सिनोमा, ते ठरवायला आयएचसी करा, असं लिहिलं होतं. आयएचसी म्हणजे गाठीच्या कापावर रंग उठवून ठरावीक प्रथिनं, म्हणजेच मार्कर, शोधायची तपासणी. पोरोमा म्हणजे साधी गाठ. पोरोकार्सिनोमा म्हणजे कॅन्सर, तोही जांघेतल्या गाठींपर्यंत पोचू शकणारा.

नागपूरला गेलो तर पहिलाच प्रश्न आला, "ब्लॉक कुठे आहे?" लॅबने माझ्या हातात फक्त स्लाइड दिल्या होत्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेऊन प्रत्येक मार्करसाठी वेगळी काच करावी लागते. परत येऊन सही करून ब्लॉक घेतला. कुणावर ही वेळ आली तर स्लाइडसोबत ब्लॉकही मागून घ्या, आणि आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. प्रत्येक मार्करचे पैसे वेगळे लागतात, तेही आधीच विचारून घ्या.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला स्क्रीनसमोर बसवून सगळं दाखवलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. एकेका प्रथिनाला नेमकं चिकटणारं अँटिबॉडी कापावर सोडतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उठतो, बाकीची केंद्रकं निळी राहतात. आधी पी-63 आणि सीके-5/6 बघितले. गाठ कातडीतलीच आहे की स्तन-फुप्फुसातून आलेली, याचा अंदाज त्यावरून येतो. दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे कातडीतली असण्याकडेच कल. नट नावाचा मार्करही पॉझिटिव्ह होता. तो पोरोमाच्या जातीच्या गाठींत सापडतो, पण साध्यातही आणि कॅन्सरमध्येही, त्यामुळे आमचा प्रश्न तिथेच राहिला.

मग केआय-67. जर्मनीतल्या कील शहरात 1983 साली सापडलेला हा मार्कर विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचं केंद्रक रंगवतो. गाठीच्या मधल्या भागात तुरळक ठिपके होते. वरच्या जखमेपाशी मात्र गर्दी. मी घाबरलो. मॅडम म्हणाल्या, "तिथलं मोजायचं नाही. घासून जखम झाली की भरून काढायलाही पेशी वाढतात." त्यांनी ब्लॉकमधून आणखी खोल काप मागवले, आणि खरं उत्तर तिथे निघालं. खालच्या कडेला गाठीच्या पेशी बोटांसारख्या आत घुसल्या होत्या आणि त्या बोटांत जवळजवळ दर दुसरं केंद्रक तपकिरी. पी-53 नावाचा मार्करदेखील तिथेच गडद. हा पी-53 साध्या पोरोमातही थोडाफार दिसतो आणि केआय-67 ची सगळ्यांनी मान्य केलेली एकच सीमा नाही. मॅडमचं म्हणणं असं, की आधी कड बघायची, पेशींचं रूप बघायचं, आणि मार्कर त्याला दुजोरा देतात का ते तपासायचं. मला हे फार पटलं. नुसते टक्के वाचून घरी रडारड करणारे लोक मी त्याच बाकावर पाहिलेत.

निकाल पोरोकार्सिनोमा. आई म्हणाली, "काऊन रे बाबू, इतकं रंगवून बी पहिल्या झटक्यात कयलं नाही का त्याइले?" मी म्हटलं, घाईनं सांगितलं असतं तर चुकीचं कळलं असतं.

कडेचा भाग रुंद काढून ऑपरेशन झालं. दुसऱ्या बायप्सीत कडा कॅन्सरपासून मोकळ्या निघाल्या, जांघेची सोनोग्राफीही साफ आली. जांघ कशी चाचपायची ते आईला शिकवलंय, अंघोळीच्या वेळी ती स्वतः बघते, आणि ठरलेल्या तारखेला आम्ही दाखवायला जातो. ब्लॉक नागपूरच्या लॅबमध्येच ठेवलाय आणि त्याचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलाय, कारण पुढे कुठे गाठ आलीच, तर ती याच ब्लॉकशी ताडून बघावी लागेल.