आंतर्देशीय मिळेना, पण पत्र गेलं : माझा अनुभव

पत्र लिहून व्हायला एक दुपार पुरली. पण ज्या आंतर्देशीयावर, म्हणजे पोस्टाच्या दुमडून चिकटवायच्या निळ्या कागदावर ते लिहायचं, तो मिळवता मिळवता आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. म्हणून आधी पोस्टाचं सांगते, लिहिण्याचं मागून.

माझी शाळेतली मैत्रीण नंदुरबारला दिलेली. तिला हल्ली ऐकू कमी येतं. फोनवर मी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, विचारते आणि ती गुडघ्याचं सांगते. मोबाइलवर लिहून पाठवावं तर ते तिची सून वाचून दाखवते, म्हणजे सुनेबद्दल काही विचारायची सोयच नाही. म्हटलं, सरळ पत्र टाकू. आखाजीला माहेरी येतेस का, एवढं तर विचारायचं होतं.

आमच्या पोस्टात खिडकी एकच उघडी. त्याच रांगेत आवर्ती ठेववाले, सुकन्यावाले, पेन्शनचे म्हातारे. ऊन असं की दारातल्या लोखंडी कठड्याला हात लावायची हिंमत होत नव्हती. माझा नंबर आला.

‘एक आंतर्देशीय द्या.’

‘संपलीत.’

‘कधी येतील?’

‘वरून आली की.’

वरून म्हणजे जळगावहून की आभाळातून, ते काही कळलं नाही. ‘सोमवारी बघा,’ म्हणाला. सोमवारी गेले तर सर्व्हर बंद. अडीच रुपयांचा कागद द्यायला सर्व्हर कशाला लागतो, असं मी विचारलंच. ‘मावशी, एंट्री केल्याशिवाय साधं तिकीटही देता येत नाही.’ मागचा एक बाबा म्हणाला, ‘जाऊ द्या ना ताई, आमचं पेन्शन अडकलंय.’ त्याचंही खरंच होतं, म्हणून बाजूला झाले.

पुढच्या खेपेला सर्व्हर चालू, पण कागद नाहीच. साहेबांनी मान वर न करता सुचवलं, ‘पोस्टकार्ड न्या, पन्नास पैशांत काम.’ आता पोस्टकार्डावर मी सुनेचं विचारू? पोस्टमनपासून गल्लीतल्या पोरांपर्यंत सगळे वाचणार, आणि घरात ते पहिलं पडणार सुनेच्याच हातात. हे मी मोठ्याने बोलले, रांग हसली, साहेब नाही हसले. ‘आजकाल पत्र लिहितं कोण?’ असं वर ऐकवलं. मी लिहिते ना, म्हणून तर उभी आहे! राग त्यांच्याकडे कागद नसल्याचा नाही. नसेल आला. राग याचा की पुढचं एक वाक्य त्या खिडकीतून कधी बाहेर पडलं नाही.

ते वाक्य बाहेर सायकलला पिशवी अडकवणाऱ्या पोस्टमनने सांगितलं: ‘ताई, आंतर्देशीयच कशाला पाहिजे? घरचं कोणतंही पाकीट घ्या, पाचचं तिकीट लावा, जातं.’ वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये. वहीची दोन-तीन पानं त्यात आरामात बसतात. फक्त वजन वाढू देऊ नका. तिकीट कमी पडलं तर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल करतात, आणि मैत्रिणीच्या दारात अशी वसुली गेली तर ती जन्मभर ऐकवेल.

आता लिहिण्याचं. वर उजवीकडे गाव आणि तारीख घाला. ‘प्रिय’ आणि तिचं लाडाचं नाव, बस. ‘स. न. वि. वि.’ वगैरे व्याह्यांना ठेवा. शाळेत शिकवलेली ‘मी येथे खुशाल आहे, तुझी खुशाली कळव’ ही ओळ मी लिहिली आणि तिथेच पेन थांबलं. मैत्रिणीला काय सांगायचं ते सुचेना, कारण डोक्यात पोस्ट घोळत होतं. मग तेच लिहिलं. खिडकी, सर्व्हर, पेन्शनवाला बाबा, पोस्टकार्डावरून झालेली बोलाचाली, सगळं. दीड पान कसं भरलं ते कळलं नाही. मायना पुस्तकी मराठीत, पण भांडण सगळं अहिराणीत. आम्ही दोघी बोलतो तसंच. प्रमाण मराठीत ते भांडण अर्जासारखं वाटलं असतं.

पत्रात सगळ्या घरादाराची हजेरी घेऊ नका. एकच गोष्ट घ्या आणि ती नीट सांगा, कोण काय बोललं त्यासकट. आणि प्रश्न असे विचारा की उत्तराला ओळी लागतील. ‘बरी आहेस ना?’ म्हटलं की ‘हो’ येतं. मी विचारलं, ‘यंदा गौराईची गाणी कोण म्हणतं तुमच्या गल्लीत, आणि सून काय करते त्या वेळी?’

पत्त्याचं राहिलंच. माझ्या जुन्या डायरीत तिच्या पत्त्यात ‘जि. धुळे’ होतं. नंदुरबार 1998 मध्ये वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ते खोडलं. पिन मात्र जिल्हा बघून अंदाजाने टाकू नका. खानदेशात ते हिशेब जुळत नाहीत: शिरपूर धुळे जिल्ह्यात पण पिन जळगावसारखा 425 ने सुरू होणारा, 425405; चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात पण पिन धुळ्यासारखा 424 ने सुरू होणारा, 424101. नंदुरबार शहराचा 425412. आणि पाकिटाच्या मागे स्वतःचाही पत्ता घाला, म्हणजे पत्र परत आलं तर तुमच्याच घरी येईल.

शेवटी ‘तुझीच’ लिहून सही केली. सही झाल्यावर आठवलं ते ता. क. मध्ये घातलं: येताना नागलीचे पापड आण. पाकीट पोस्टाच्या लाल पेटीत टाकलं, आत खिडकीकडे गेलेच नाही. तिकिटं पोस्टमनदादांनीच आणून दिली होती.

आखाजीच्या आत तिचं उत्तर आलं. येते म्हणाली, पण तिला घाई आखाजीपेक्षा त्या साहेबांना बघायची. ‘माले तो खिडकीवाला दखाड,’ असं लिहिलंय. सुनेबद्दल मात्र एक अक्षर नाही. त्यामुळे पुढच्या पत्रात तो प्रश्न पहिल्याच ओळीत टाकणार आहे, आणि पाचाची दहा तिकिटं आताच आणून डब्यात ठेवली आहेत.