धडगाव ते नर्मदा: नाल्यातून उतरू नका

धडगावच्या उत्तरेला, सातपुड्याच्या धारेवरून पायी नर्मदेवर जाणार असाल तर नाल्यातून उतरू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

पाडे आणि पायवाटा नकाशावर चढवायला आम्ही तिघं नोव्हेंबरात धुळ्याहून गेलो. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा, ४६ के या क्रमांकाच्या भागातला. त्यावर नाला सरळ नदीकडे जातो, समोच्च रेषाही (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) सारख्या अंतरावर. अडीच तासांत पाण्यावर पोचू, असं धरून निघालो.

तासाभरात पायाखालची जमीनच संपली. बेसाल्टचा उभा कडा. दोर सोडून मोजला, १४ मीटर. नकाशावर रेषा दर २० मीटरला एक, त्यामुळे दोन रेषांमध्ये अख्खा कडा दडतो आणि कागदावर मागमूस राहत नाही. हा डोंगर लाव्हाच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा, म्हणजे एक कडा लागला की पुढचा लागणारच. दोरानं उतरलो, तर खाली दुसरा, पहिल्याहून उंच. परत चढताना सुट्या दगडांच्या घसाऱ्यानं जीव काढला, पाणी संपलं, रात्र दगडावर बसून काढली.

सकाळी वरच्या पाड्यातले आजोबा म्हणाले, ‘नाल्यानं ढोरं बी उतरत नाही, भाऊ. धारेनं जा.’ आदल्या दिवशी त्यांच्याच अंगणातून गेलो होतो. विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.

धारेनं तीन तासांत पाण्यावर पोचलो, पण नकाशातला काठ तिथे नव्हता. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचं पाणी इथवर पसरतं, त्याची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर. घरून निघतानाच १४० ची रेषा निळ्या पेनानं गिरवा. जुन्या नकाशावर तिच्या खाली दिसणारी शेतं, वाटा, घरं सगळी पाण्यात समजा. ती गावांची नावं वाचताना गलबलून येतं. मोबाइलवर विसंबू नका. बऱ्याच अ‍ॅपमधली उंची २००० सालच्या रडार मोजणीची आहे, तेव्हा पाणी एवढं वर आलेलंच नव्हतं.

नावेचं भाडं चढण्याआधी ठरवा, परतीचंही. जाताना दोनशे ठरले, परतताना मधल्या पाण्यात अठराशे मागितले. शुद्ध लूट आहे. आम्ही दिले, कारण अंधार पडत होता.



धारेची वाट आणि नाल्यातले दोन्ही उभे कडे ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर, चढवले आहेत. दुसऱ्या कड्याखाली आम्ही गेलेलो नाही, नाल्याचा तो भाग कोराच ठेवला आहे.